६.६ मोठे की ६?

आपल्या कॉलेजात चौघांनी मिळून काही ठरवायचं म्हटलं की आजवर दोनच पद्धती चालत आल्या. एक, 'सर म्हणतील तसं'. दोन, ज्याचा आवाज मोठा तो म्हणेल तसं, आणि मग सगळ्यांनी हात वर करायचे. गॅदरिंगची थीम, बी.ई. प्रोजेक्टचा विषय, इंडस्ट्रियल व्हिजिट कुठे न्यायची (म्हणजे खरं तर गोव्याच्या वाटेवर कुठली फॅक्टरी लागते)... सगळं याच दोन पद्धतींनी ठरलं. आता तिसरी पद्धत आली आहे. सॉफ्टवेअरमध्ये पर्याय भरायचे, निकष भरायचे, प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर गुण द्यायचे आणि बटण दाबलं की स्क्रीनवर रंगीत पट्ट्या! ज्याची पट्टी सगळ्यात लांब तो जिंकला. वाद नाही, भांडण नाही, सीनियर-ज्युनियर नाही. 'डेटा बोलतोय!'

येत्या टर्मला हॉस्टेलच्या मेसचा ठेका पुन्हा द्यायचा आहे आणि तोही याच पद्धतीने ठरवावा अशी टूम निघाली आहे. टूम चांगली आहे. हात वर करण्यापेक्षा तर नक्कीच चांगली आहे. पण मंडळी, डेटा बोलत वगैरे नाही. आपण जे विचारलं तेवढ्याचंच उत्तर तो देतो. आणि मेसच्या बाबतीत प्रश्नच चुकीचा विचारला गेला, तर त्याचं उत्तर अख्ख्या हॉस्टेलला वर्षभर दोन्ही वेळा गिळावं लागतं. म्हणून पट्ट्या रंगायच्या आधीच चार शब्द.

आधी हे सॉफ्टवेअर आतून काय करतं ते बघू. आज अशी डझनभर साधनं मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा पूर्वज एकच. थॉमस साटी नावाचे गणितज्ञ होते. जन्म १९२६ चा, इराकमधल्या मोसूलचा. कारकीर्द सगळी अमेरिकेत. १९६० च्या दशकात ते अमेरिकन सरकारच्या शस्त्रनियंत्रण खात्यात काम करत होते आणि पुढे १९७० च्या दशकात त्यांनी 'ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस' म्हणजे ए.एच.पी. ही पद्धत मांडली. १९८० मध्ये तिच्यावरचं त्यांचं पुस्तक आलं आणि १९८३ मध्ये अर्नेस्ट फोरमन यांच्यासोबत 'एक्स्पर्ट चॉइस' हे सॉफ्टवेअर. २०१७ मध्ये साटी वारले, पण त्यांची ती १ ते ९ ची पट्टी आजही जगभरच्या समित्या वापरतात. ऑपरेशन्स रिसर्च ज्यांना आहे त्यांच्या पुस्तकात शेवटच्या कुठल्यातरी प्रकरणात ती सापडेल. परीक्षेला येत नाही म्हणून कोणी वाचत नाही, एवढंच.

साटींचं म्हणणं अगदी साधं होतं. माणसाला एकट्या गोष्टीला गुण देता येत नाहीत, पण दोन गोष्टींची तुलना येते. कॅन्टीनच्या चहाला १०० पैकी किती? काय सांगणार? पण कॅन्टीनचा चहा बरा की गेटबाहेरच्या टपरीवरचा, आणि किती बरा, हे झोपेतून उठवून विचारलं तरी कोणीही सांगेल. म्हणून जोड्या लावायच्या. दोन्ही सारखे असतील तर १, एक किंचित बरा असेल तर ३, चांगलाच सरस असेल तर ५, फारच सरस असेल तर ७ आणि तुलनाच होऊ शकत नसेल तर ९. उलट बाजूने त्याचाच व्यस्तांक. या आकड्यांचं मॅट्रिक्स करायचं आणि त्याचा आयगेन व्हेक्टर काढायचा, की प्रत्येक पर्यायाचं वजन मिळतं. (एफ.ई.ला 'या आयगेन व्हॅल्यूचा आयुष्यात उपयोग काय?' असं विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मेस!)

पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती तुमचं बोलणं तुमच्याच बोलण्याशी ताडून बघते. अ हा ब च्या तिप्पट बरा आणि ब हा क च्या तिप्पट बरा असं तुम्ही म्हणालात, तर अ हा क च्या नऊपट बरा यायला हवा. तुम्ही तिथे २ लिहिलंत तर तुम्हाला एक तर विषय कळला नाही किंवा कंटाळा आला. हा घोळ मोजणारा एक कन्सिस्टन्सी रेशो असतो आणि तो ०.१० च्या वर गेला तर पुन्हा विचार करा असं साटी सांगतात. हात वर करण्याच्या पद्धतीत अशी सोय कुठे आहे?

कंटाळ्याचं मात्र खरं आहे. ७ ठेकेदार आणि ४ निकष धरा. ७ पर्यायांच्या जोड्या होतात २१. चार निकषांवर ८४. निकषांच्या आपापसातल्या जोड्या ६. एकूण ९० प्रश्न! सबमिशनच्या आठवड्यात ९० प्रश्नांची उत्तरं कोण मनापासून देणार? चाळिसाव्या प्रश्नानंतर माणूस सरळ '१, १, १' दाबत सुटतो, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी तेही मतच. म्हणून पर्याय आधी चाळून तीनचारवर आणल्याशिवाय जोड्या लावण्यात अर्थ नाही. असो. हा झाला सोयीचा प्रश्न. खरी गंमत पुढे आहे, एकाऐवजी अनेक माणसं आली की.

समजा दोघेच जण आहेत. एक म्हणतो, अ मेस ब च्या तिप्पट चांगली, म्हणजे ३. दुसरा म्हणतो नेमकं उलट, म्हणजे एक तृतीयांश. दोघांचं मिळून मत काय? शाळेतली सरासरी काढली तर ३ अधिक ०.३३, भागिले २, म्हणजे १.६७. वा, अ जिंकली! आता तोच हिशेब ब च्या बाजूने करून बघा. तिथेही १.६७ येतं आणि ब जिंकते. एकाच वेळी दोघीही एकमेकींपेक्षा बऱ्या! म्हणून १९८३ मध्ये आत्सेल आणि साटी यांनी गणिताने दाखवून दिलं की अशा गुणोत्तरांची बेरीज करून चालणार नाही, जिओमेट्रिक मीनच घ्यावा लागेल. ३ गुणिले एक तृतीयांश म्हणजे १, त्याचं वर्गमूळ १. दोन्ही मेस सारख्या. गणित चोख झालं.

पण आता त्या १ कडे जरा बघत बसा. दोन माणसं आहेत ज्यांना दोन्ही मेस सारख्याच वाटतात; त्यांचंही उत्तर १ येतं. आणि दोन माणसं आहेत जी एकमेकांशी कडाकडा भांडतायत. त्यांचंही उत्तर १. पहिल्या जोडीला कुठलीही मेस द्या, ती खूश राहील. दुसऱ्या जोडीला कुठलीही द्या, एक जण उपाशी राहील. स्क्रीनवर मात्र दोन्ही ठिकाणी एकसारखीच पट्टी. समितीला जे कळायला सगळ्यात जास्त हवं होतं, तेच नेमकं वर्गमूळ काढताना गळून पडलं.

माझा सगळा आक्षेप इथे आहे. गुण देण्याच्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग पहिला नंबर कोणाचा हे सांगण्यात नाही. आपलं कुठे जमत नाही आणि किती जमत नाही, हे ते दाखवू शकतं, आणि हात वर करून ते कधीच दिसत नाही. पण आपण वापरतो ते बरोबर उलट कामासाठी, म्हणजे बोलणं संपवायला. 'अरे स्कोअर आला ना, मग आता काय चर्चा?'

नुसती १० पैकी गुण द्यायची सोपी पद्धत घेतली तरी हेच होतं. मेस क्रमांक एकला दहा जणांनी सरळ ६-६ दिले. सरासरी ६. मेस क्रमांक दोनला सात जणांनी ९ दिले आणि तिघांनी १. बेरीज ६६, सरासरी ६.६. दोन नंबरची पट्टी लांब, ठेका तिला. आता ते तिघं कोण ते विचारा. एक जण कांदा-लसूण खात नाही आणि त्या ठेकेदाराच्या प्रत्येक भाजीत ते असतंच. एकाला डॉक्टरांनी तिखट बंद केलंय. एकाच्या घरून महिन्याला येणारे पैसे मोजके आहेत, ज्यादा दर त्याला झेपणार नाही. त्या सात जणांना ९ ऐवजी ६ ची मेस मिळाली असती तर त्यांनी कुरकुर केली असती आणि जेवले असते. या तिघांना १ ची मेस मिळाली तर ते वर्षभर बाहेर खाणार, किंवा मॅगीवर राहणार. ६.६ मोठे की ६, याचं उत्तर दुसरीतलं पोरगंही देईल. पण समितीपुढे प्रश्न तो नव्हताच.

इथे कोणी हुशार म्हणेल, सरासरी नको, मधला आकडा घ्या. मिशेल बालिन्स्की आणि रिदा लाराकी या दोघा गणितज्ञांनी याच धर्तीवर एक पद्धत सुचवली आहे, आणि ती खरंच देखणी आहे. आकड्यांऐवजी शब्द, म्हणजे 'उत्तम, चांगलं, चालेल, नको' असे शेरे, आणि निकाल मधल्या शेऱ्यावर. फायदा असा की चारदोन जणांनी मुद्दाम टोकाचे शेरे मारले तरी मधला शेरा जागचा सहज हलत नाही. पण आपल्या उदाहरणात मधला आकडा ९ आहे! त्या तिघांचं अस्तित्व तर त्यात सरासरीपेक्षाही कमी. म्हणजे फॉर्म्युला बदलून हा प्रश्न सुटत नाही. सुटतो तो काही गोष्टी बेरजेच्या बाहेर ठेवून. 'लूमिओ' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, न्यूझीलंडमधल्या कार्यकर्त्यांनी २०१२ च्या सुमाराला सुरू केलेलं. त्यात हो, नाही आणि तटस्थ यांच्या जोडीला चौथं एक बटण होतं: 'अडवतो'. म्हणजे मला नुसतं आवडत नाही असं नाही, हे झालं तर मी यात राहूच शकत नाही. ते बटण दाबलं गेलं की बेरीज बाजूला ठेवून माणसाशी बोलावं लागतं. मला हे चौथं बटण सगळ्या आयगेन व्हेक्टरांपेक्षा मोलाचं वाटतं.

बेरजेच्या बाहेर ठेवायच्या अजूनही गोष्टी आहेत. स्वच्छतेला २० टक्के वेटेज, असं प्रत्येक तक्त्यात असतं. त्याचा अर्थ काय होतो? स्वच्छतेत कमी पडलेला ठेकेदार दर उतरवून ती कसर भरून काढू शकतो! स्वयंपाकघरात झुरळं, पण महिन्याला दोनशे रुपये कमी, चला बरोबरी झाली. ही अदलाबदल आपल्याला मान्य आहे का? नसेल तर स्वच्छतेला वेटेज द्यायचंच नाही, तिथे उंबरठा घालायचा. ओलांडला तर पुढे, नाहीतर घरी. एफ.एस.एस.ए.आय.चा परवाना १० पैकी ७ असू शकत नाही, तो असतो किंवा नसतो. गंमत म्हणजे ज्या सरकारी कारभाराला आपण नावं ठेवतो तिथे हे शहाणपण लिहून ठेवलेलं आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि किंमत दोन्ही बघण्याची जी पद्धत दिली आहे, तिच्यात गुणवत्तेचे निकष निविदेतच आधी जाहीर करायचे असतात आणि किमान गुण मिळवणाऱ्यांचाच पुढे विचार होतो.

'आधी जाहीर' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. वेटेज ही या सगळ्या खेळातली सगळ्यात शांत जागा. चवीला ४० आणि दराला ३०, की उलट? या १० टक्क्यांनी निकाल फिरू शकतो, आणि हे आकडे आकाशातून पडत नाहीत, कोणीतरी टाइप करतं. पर्याय बघून झाल्यावर वेटेज ठरवणं म्हणजे बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढणं. आपण सगळे ज्या यादीकडे डोळे लावून बसतो त्या एन.आय.आर.एफ.मध्येही हेच आहे. २०२४ च्या यादीत इंजिनिअरिंगसाठी अध्यापन आणि साधनांना ३०, संशोधनाला ३०, पदवीधरांच्या निकालांना २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के होते. हे ३०-३० चे २०-४० केले असते तर कित्येक कॉलेजांच्या जागा बदलल्या असत्या, कुठल्याही वर्गातल्या शिकवण्यात काडीचा फरक न पडता. निदान तिथे वेटेज छापून तरी मिळतं. आपल्याकडच्या समितीत ते एका लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटच्या लपवलेल्या कॉलममध्ये असतं.

आता एक किस्सा, हॉस्टेलच्या वेषातला. आकडे बेल्टन आणि गिअर या दोघांनी १९८३ मध्ये ए.एच.पी.वर टीका करताना दिलेले, मेसचे कपडे मी चढवलेत. तीन ठेकेदार अ, ब, क. तीन निकष: चव, दर, पदार्थांची विविधता, तिन्हींना सारखं वेटेज. चवीत अ १, ब ९, क १. दरात अ ९, ब १, क १ (म्हणजे अ सगळ्यात स्वस्त). विविधतेत अ ८, ब ९, क १. प्रत्येक निकष म्हणजे पेढ्यांचा एक पुडा समजा. आकड्यांच्या प्रमाणात तो तिघांत वाटायचा आणि शेवटी कोणाकडे किती पेढे आले ते बघायचं. हिशेब करा: ब ०.४७, अ ०.४५, क ०.०८. ब जिंकला. थोडक्यात, पण जिंकला.

आता ब चा मेव्हणा येतो. तोच दर, तोच मेनू, तोच आचारी, फक्त लेटरहेड वेगळं. त्याला ड म्हणू. चवीच्या पुड्यात ब ला आधी ११ पैकी ९ वाटे मिळत होते, आता २० पैकी ९. कारण तेवढेच मेव्हण्यालाही. दराच्या पुड्यात मात्र अ चे १२ पैकी ९ शाबूत, कारण मेव्हणेही महागच. पुन्हा बेरीज: अ ०.३७, ब ०.२९, ड ०.२९, क ०.०६. अ जिंकला! अ च्या जेवणात काही बदललं नाही, ब च्या जेवणात काही बदललं नाही, कोणाचं मतही बदललं नाही. एक डुप्लिकेट टेंडर आलं आणि निकाल उलटला.

या टीकेवर बरीच वर्षं वाद झाले. साटींच्या बाजूने दुसरी रीत पुढे आली: पुडा वाटायचाच नाही, प्रत्येक निकषात जो सर्वोत्तम त्याला १ द्यायचा आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत. तसं केलं तर मेव्हणा आला तरी ब पहिलाच राहतो. 'एक्स्पर्ट चॉइस'मध्ये दोन्ही रीती दिलेल्या असत. पण मला सांगा, समितीतल्या कितीजणांना माहीत असतं की आत असा काही पर्याय आहे आणि कोणती रीत निवडली आहे? त्यावर कोण पहिला येणार ते ठरतं, आणि ते निवडतो सॉफ्टवेअर ज्याने इन्स्टॉल केलं तो. बहुतेक वेळा तोही निवडत नाही, जे आधीपासून टिक केलेलं असतं ते तसंच राहतं.

मुद्दाम खोटे गुण देणाऱ्यांचं काय? हे दुखणं फार जुनं. १७७० मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे बोर्दा यांनी क्रमांकानुसार गुण देऊन निवड करण्याची पद्धत मांडली. तीत लगेच पळवाट दिसते: आपल्या आवडत्याचा जो सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी, त्यालाच तळाला टाका. असं सांगतात की कोणी ही पळवाट दाखवली तेव्हा बोर्दा उत्तरले, माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे. आपल्याकडे गॅदरिंगच्या एकांकिका स्पर्धेत ज्यांनी परीक्षकांचे तक्ते पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको! शिवाय खोटेपणा नसला तरी तुझे ७ आणि माझे ७ एक नव्हेत. आमच्या विंगमध्ये एक जण आईच्या हातच्या पुरणपोळीलाही ७ च्या वर जात नाही आणि त्याचा रूममेट स्टँडवरच्या वडापावला साडेनऊ देतो. या दोघांची बेरीज करून नेमकं काय मोजलं जातं?

इथपर्यंत आलं की स्टाफरूममधून केनेथ ॲरो यांचं नाव निघतं. त्यांनी १९५१ मध्येच सिद्ध केलं होतं की तीन किंवा जास्त पर्याय असतील तर सगळ्यांच्या पसंतीक्रमांतून एक सामाईक क्रम काढण्याचा असा कुठलाही नियम नाही, जो काही मोजक्या, दिसायला अगदी साध्या अटी एकदम पाळेल. १९७२ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. म्हणून मग 'कुठलीही पद्धत सदोषच, तर चालू द्या जे चाललंय ते' असा निष्कर्ष काढला जातो. हा आळशी निष्कर्ष आहे. कुठलाही पूल अनंत भार पेलत नाही, म्हणून सिव्हिलवाले पुलाचं डिझाइन करायचं सोडत नाहीत. कुठली पद्धत कुठे मोडते हे माहीत असलं की तिथे आधार द्यायचा.

एक आधार तर फुकटात मिळण्यासारखा आहे. प्रत्येकाने गुण आधी एकट्याने द्यायचे, दुसऱ्याचे न बघता. १९५१ मध्ये सॉलोमन ॲश यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कुठल्या दोन रेघा सारख्या लांबीच्या, एवढाच प्रश्न. पण खोलीतल्या बाकीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूस डोळ्यांना दिसत असूनही त्यांच्यासारखंच चुकीचं उत्तर देई. रेघांच्या बाबतीत ही कथा, तर सीनियर्ससमोर मेसचं काय? आपल्या हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला की कोणी कुठे टिचकी मारली ते नावासकट दिसतं. पहिल्या पाच मिनिटांत बी.ई.च्या चौघांनी एक पर्याय दाबला की एफ.ई.चा मुलगा काय करणार? त्याला अजून तीन वर्षं इथे काढायचीत. हे ओळखून १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठात 'ग्रुपसिस्टिम्स' बनवलं गेलं. एका खोलीत सगळे बसलेले, प्रत्येकापुढे कॉम्प्युटर, आणि स्क्रीनवर येणारं मत कोणाचं ते कोणालाच कळत नाही. एवढं जुनं शहाणपण, आणि आपण अजून नावासकट टिचकी मारतोय.

दुसरा आधार ब्रिटिश डिझाइन प्राध्यापक स्टुअर्ट प्यू यांच्याकडून घेण्यासारखा आहे. मेकॅनिकलवाल्यांना त्यांचा तक्ता माहीत असेल. एक ओळखीचा पर्याय आधाराला धरायचा आणि बाकीच्यांना त्याच्या तुलनेत फक्त अधिक, उणे किंवा सारखं एवढंच लिहायचं. आपल्याकडे तो आधार तयारच आहे: सध्याची मेस! तिची पातळ आमटी नवागत सोडून सगळ्यांच्या जिभेवर आहे. 'नवीन ठेकेदाराची आमटी हिच्यापेक्षा बरी की वाईट' या प्रश्नाला ७ की साडेसात असा घोळच उरत नाही. आणि प्यूंना तो तक्ता बेरीज करून विजेता काढायला नको होता. जिथे चांगल्या पर्यायापुढे उणे दिसतं, तिथे थांबून 'हे उणे काढता येईल का?' असं विचारायला हवा होता. म्हणजे ब ठेकेदार सगळ्यात चांगला पण कांदा-लसूण घालतोच, तर त्याला बोलावून विचारा: रोज एक भाजी बिनकांद्याची करशील का? सॉफ्टवेअरला वाटतं पर्याय दगडावर कोरलेले आहेत. ठेकेदाराला तसं मुळीच वाटत नसतं, त्याला ठेका हवा असतो. त्या एका प्रश्नाने तिघांपैकी एकाचा १ पुसला जाईल, आणि त्यासाठी कुठलाही फॉर्म्युला लागत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप, वेळ जाईल. जाऊ दे ना! मॅच बघताना डकवर्थ-लुईसवर आपण दोन-दोन तास भांडतो. सॉफ्टवेअर वेळ वाचवतं ते बेरजेचा, आणि तो वाचवायलाच हवा. ९० जोड्यांचं मॅट्रिक्स हाताने सोडवा असं मी म्हणत नाही. तो वाचलेला वेळ, ज्या ठेकेदारापुढे ९ आणि १ दोन्ही आलेत त्याच्यावर बोलण्यात घालवा. जिथे सगळ्यांचे ६-६ आहेत तिथे बोलण्यासारखं नाहीच काही.

तेव्हा मेस समितीला मागणं एवढंच. आधी अटी: परवाना, पाणी, स्वयंपाकघराची पाहणी. यात जो बसत नाही त्याचं नाव सॉफ्टवेअरमध्ये भरायचंच नाही. मग चवीला किती, दराला किती ते टेंडरची पाकिटं फोडायच्या आधी सर्वांसमोर ठरू द्या, आणि त्या चर्चेला एफ.ई.चे, मुलींच्या हॉस्टेलचे आणि ज्यांचं पथ्य आहे ते सगळे असू द्या. गुण प्रत्येकाने एकट्याने द्यावेत. आणि निकाल लावाल तेव्हा नुसती सरासरी नको, कितीजणांनी ९ दिले आणि कितीजणांनी १, हेही लावा. नावं नकोत, आकडे पुरेत. ज्यांनी १ दिला त्यांना चिठ्ठीवर कारण लिहिता यावं म्हणून मेसच्या दारात एक खोकं ठेवा. जुन्या तक्रारपेटीचं कुलूप गंजलंय, पण खोकं चांगलं आहे.

वेटेजचा कागद नोटीस बोर्डावर लावायला रेक्टर सरांची सही लागेल. टाचण्या मी आणून देतो.